एकाच पऱ्याचे दोन पूर

महोदय,

मोजणी केंद्र नसलेल्या नद्यांचा पूर आता संगणक पाच दिवस आधी सांगणार, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. आनंद झाला. आमच्या पऱ्याचा, म्हणजे ओढ्याचा, पूर कागदावर सांगणारी दोन कार्यालये आधीपासून आहेतच, त्यांत तिसऱ्याची भर.

ज्या संशोधनाच्या आधारे बातमी रंगवली आहे, ते २०२४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आले. जगभरातल्या ५,६८० मोजणी केंद्रांच्या नोंदी देऊन गुगलने हे मॉडेल तयार केले. काम मोठे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते हिशेब करते दिवसाच्या प्रवाहाचा. सह्याद्रीच्या पायथ्याचा पऱ्या दोन तासांच्या पावसात दोन्ही काठ सोडतो आणि संध्याकाळी पोरे त्यात खेकडे धरत असतात. दिवसाच्या सरासरीत हा पूर दिसणार कुठे? हे बातमीत विचारायला हवे होते. असो.

संगमेश्वर तालुक्यात आमच्या वाडीखालून असाच एक पऱ्या वाहतो आणि पुढे शास्त्री नदीला मिळतो. शास्त्रीची पातळी पावसाळ्यात रोज आपल्या दैनिकात येते. पऱ्याची येत नाही, कारण त्यावर फूट-इंचांची साधी पट्टीसुद्धा नाही. पाणलोट कागदोपत्री २५ चौरस किलोमीटर. त्यावर तीन गाळ्यांचा पूल झाला, त्याचा हिशेब मी माहितीच्या अधिकारात मागवला होता. पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून पुराचा अंदाज देणारे डिकन्सचे सूत्र, गुणांक १४, पूर सेकंदाला १५७ घनमीटर. २२ जुलै २०२१ रोजी पाणी पुलावरून गेले. दोन्हीकडचे भराव वाहून गेले आणि पूल तेवढा मधोमध उभा राहिला, कुठल्याच काठाला न जोडलेला.

पुढे मुलाने वडिलोपार्जित जागेत घर बांधायला काढले. परवानगीसाठी पूररेषेचा दाखला हवा. त्यासाठी दुसऱ्या कार्यालयाने हिशेब केला. पऱ्या तोच, जागा त्याच पुलाजवळची, पाणलोट तेवढाच. सूत्र मात्र इंग्लिसचे. उत्तर ५२१ घनमीटर! आमचे जोते थेट निळ्या पूररेषेच्या आत, जिथे नव्या घराला परवानगी नाही. म्हणजे सरकारला पूल बांधायचा असतो तेव्हा पऱ्या एवढासा, आणि आम्हाला घर बांधायचे असले की तोच सव्वातीन पट. बरे, निळी रेषा ठरते २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावरून. इंग्लिसचे सूत्र आहे घाटातल्या मोठ्यात मोठ्या पुराचे. या दोहोंची सांगड कशी घातली, असे मी विचारले, तर साहेब म्हणाले, “गुरुजी, तुमच्याकडे मोजलेला आकडा आहे का?”

आहे ना. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर, खालून तिसऱ्या चिऱ्यावर, २०२१ च्या पाण्याची चिखलाची रेघ आहे. पाणी ओसरल्यावर मी त्या रेघेशी खिळ्याने तारीख कोरून ठेवली. जांभा असल्याने अक्षर जरा वेडेवाकडे आले, पण वाचता येते. अशा खुणा, पात्राचा छेद, उतार आणि खडबडीतपणा एवढ्यावरून होऊन गेलेल्या पुराचा प्रवाह काढता येतो. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही, अभियांत्रिकीच्या पुस्तकात आहे. साहेबांना म्हटले, गाडी माझी, टेप माझी, तुम्ही फक्त चला. त्यावर उत्तर मिळाले, “भिंतीवरची रेघ रेकॉर्डला धरता येत नाही.” मोजणी नाही म्हणून सूत्र, आणि सूत्र आहे म्हणून मोजणी नको!

डिकन्सचे सूत्र १८६५ सालचे. इंग्लिसचेही इंग्रजी अमदानीतले. नोंद नव्हती म्हणून त्या लोकांनी दुसऱ्या नद्यांच्या नोंदींवरून अंदाज बांधले, ते त्या काळाला धरून होते. आता संगणकही तेच करणार, फक्त जास्त नद्यांवरून. करू द्या. पण तो आमच्या पऱ्याबद्दल बरोबर बोलला की चूक, हे ताडून कशाशी पाहणार? पुलाच्या खांबावर रंगाने पट्टी आखा. पोलीसपाटलांना पावसाळाभर वही द्या, नाहीतर शाळेतल्या मुलांना द्या, ती साहेबांपेक्षा नेमाने लिहितील. याला जागतिक निविदा लागत नाही. त्यातून प्रवाह लगेच कळणार नाही, पातळी तरी कळेल. पाच-दहा वर्षांनी कुणी मोजायला आलाच, तर त्याच्या हाती काहीतरी असेल.

जाता जाता आणखी एक. आपल्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात एका धरणात अमुक हजार ‘क्युसेक पाणीसाठा’ झाल्याचे छापले होते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. तो वाहत्या पाण्याचा दर आहे, साठ्याचे माप नव्हे. साठा टीएमसीत सांगा, दशलक्ष घनमीटरांत सांगा. आणि कालच्या बातमीत एकाच परिच्छेदात एकदा क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर), एकदा क्युसेक, आकडा तोच. या दोहोंत ३५ पट फरक आहे. आमच्या कार्यालयांत निदान सव्वातीन पटीवर भागले होते.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, ता. संगमेश्वर

(कृपया नाव छापू नये. घराची फाइल अजून त्याच टेबलावर आहे.)