चिनी मधेच सोडलेल्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परकी भाषा शिकायची तर लहानपणीच, मोठेपणी डोक्यात काही शिरत नाही, असं आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की चाळिशीतलं कुणी "मी चिनी परत सुरू केलंय" म्हणालं की समोरचा आधी "आता कशाला?" असंच विचारतो. मी कॉलेजात असताना चिनी शिकत होते, मग नोकरी लागली, घरच्या जबाबदाऱ्या आल्या आणि वह्या कपाटात गेल्या त्या कित्येक वर्षं बाहेरच निघाल्या नाहीत. आता परत बसलेय आणि खरं सांगते, तेव्हापेक्षा जास्त मजा येतेय, म्हणून हे पत्र लिहितेय, खास करून ज्यांनी चिनी मधेच सोडलंय त्यांच्यासाठी.

बहुतेकांचा उत्साह परीक्षेच्या याद्यांमध्ये संपतो. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या पद्धतीत चौथ्या लेव्हलला 1200 शब्द, सहाव्याला 5000, यादी पाठ करा, परीक्षा द्या, मग पुढची यादी. त्यात कुणीतरी ऐकवतं की अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात चिनी शिकवायला 2200 तास धरतात. अहो पण तो हिशोब इंग्रजी बोलणाऱ्यांचा आहे! त्यांना प-फ, त-थ, क-ख यातला फरक मुद्दाम शिकावा लागतो आणि चिनीत या फरकावर खूप काही अवलंबून असतं. आपण तो बोलायला लागल्यापासून करतोय. शिवाय 'चाक' मधला च आणि 'चिंच' मधला च असे दोन वेगळे च आपल्याकडे आहेत, तसे ते चिनीतही आहेत. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहून शिकवतात, पण त्यातले b, d, g बघून ब, द, ग म्हणायचं नाही, ते आपल्या प, त, क च्या जवळचे आहेत, एवढं कळलं की बरेचसे उच्चार ओळखीचे वाटायला लागतात. एकाच आवाजाचा अर्थ बदलणाऱ्या चार सुरांना मात्र मेहनत पडतेच, तिथे रोज मोठ्याने बोलण्याला पर्याय नाही.

आता अक्षरं. चीनच्या 2013 च्या सरकारी यादीत 8105 अक्षरं आहेत हे ऐकून कुणालाही धडकी भरेल, पण त्याच यादीत रोजच्या वापरातली म्हणून पहिल्या गटात 3500 च आहेत आणि ती काही एकेक सुटी पाठ करायची नसतात. एक उदाहरण देते. 'छिंग' असा आवाज सांगणारा एक भाग आहे, तो उजवीकडे ठेवायचा. डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की स्वच्छ, बोलण्याची खूण लावली की विनंती, मनाची खूण लावली की भावना, सूर्य लावला की निरभ्र आकाश. चारही छिंगच, सूर तेवढे थोडे इकडेतिकडे. हे असं जोडून बघणं मोठ्या माणसाला जास्त जमतं असं माझं ठाम मत आहे, लहानपणी नुसतं शंभर वेळा गिरवलं जातं.

आणि हाताने लिहिता येत नाही म्हणून तर अजिबात अडून बसू नका. मोबाईलवर उच्चार टाईप केला की अक्षरं समोर येतात, त्यातलं बरोबर ते निवडायचं. खुद्द चीनमध्येही या सवयीमुळे लोक हाताने लिहिताना अक्षरं विसरतात. म्हणजे आधी ओळखता आलं पाहिजे, आणि ओळख आपल्याला वाटते तितकी पुसली जात नाही, थोडं वाचायला लागलं की जुनी अक्षरं भराभर आठवायला लागतात. मला सगळ्यात जास्त फायदा मालिकांचा झाला. चिनी मालिकांना बहुतेक वेळा चिनीतच सबटायटल असतात, कारण तिथे प्रांताप्रांताची बोली वेगळी पण लिपी सगळ्यांना वाचता येते. त्यामुळे कान आणि डोळे एकदमच कामाला लागतात, आणि पुढे काय होतंय हे बघायचं असतं म्हणून आपण दुसऱ्या दिवशी आपोआप परत बसतो, कुणी ढकलावं लागत नाही. उत्साह येईल मग सुरू करू म्हणून थांबलेल्यांना माझं हेच सांगणं आहे, आवडीचं काहीतरी बघायला वाचायला घ्या, उत्साह त्यातूनच येतो.

वयाचं म्हणाल तर चोउ योउक्वांग यांचं बघा. बँकेत काम केलेला, अर्थशास्त्र शिकवणारा हा माणूस जवळपास पन्नाशीत, 1955 साली, लिपीसुधारणेच्या कामाला लागला आणि 1958 मध्ये मंजूर झालेली रोमन लेखनपद्धत, म्हणजे आपण सगळे जिच्यावरून चिनी शिकतो ती पिनयिन, मुख्यतः त्यांच्या समितीच्या कामातून उभी राहिली. 2017 मध्ये 111 व्या वर्षी गेले ते.

आपल्या पेपरात मुलांच्या भाषाशिक्षणावर बरंच येतं, ते चांगलंच आहे, पण मोठेपणी भाषा शिकणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक छोटा कॉलम तरी द्या ही विनंती. काय वाचावं, सूर कसे पक्के करावेत, सोबत बोलायला कुणी कसं शोधावं, असं साधंच काहीतरी. अर्धवट सोडलेले पुष्कळ जण असतील, त्यांनाही लिहायला सांगा.

आपली,
एक नियमित वाचक