मोटर घ्याल, तर तिचं मॉडेलही मागून घ्या

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

बडोद्यात बसून युद्धनौकांवर बोलतोय म्हणून हसू नका. मकरपुऱ्यात स्विचगिअर तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्ट्समथला ब्रिटनशी नौदलाच्या विद्युत प्रणोदनाबाबत, म्हणजे जहाज विजेच्या मोटरींनी चालवण्याबाबत, इरादापत्र झालं. चांगलं झालं. आता त्यांच्या टाइप ४५ विनाशिकांचंही जरा विचारून घ्या. गरम हवापाण्यात त्यांच्या गॅस टर्बाइनची ताकद उतरायची आणि अख्ख्या जहाजाची वीज जायची. शेवटी दोन डिझेल जनित्रं काढून मोठी तीन बसवायचं काम काढावं लागलं. आपला अरबी समुद्र काही थंड नाही.

इथे कारखान्यात मोठी मोटर चालू केली तरी ग्रिडला त्याचं फारसं काही वाटत नाही. जहाजावर जनित्रं मोजकी, आणि पूर्ण वेगात बहुतेक वीज प्रणोदनाच्या मोटरीच खातात. खवळलेल्या समुद्रात जहाज ढकलणारा पंखा पाण्याबाहेर आला की भार उतरतो, बुडाला की चढतो. त्यात कन्व्हर्टरची, म्हणजे मोटरीला हवी तशी वीज बदलून देणाऱ्या यंत्राची, खोड अशी, की व्होल्टेज पडलं की तो करंट आणखी ओढतो, आणि व्होल्टेज आणखी पडतं. ढोबळ हिशेबात हे सापडत नाही; मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी चालणारं संगणक मॉडेल लागतं.

आणि घोडं तिथेच पेंड खातं. पुरवठादार मॉडेल देतो ते कुलूपबंद फाइलीत. आम्हाला एकदा असं मॉडेल मिळालं, त्यात शॉर्टसर्किटच्या वेळचं वागणं घातलेलंच नव्हतं. विचारलं तर उत्तर एकच, गोपनीय आहे! जहाज पंचवीस-तीस वर्षं चालणार, मधे रडार बदलणार, भार वाढणार. दर वेळी त्यांच्याच दारात जायचं का?

तेव्हा खरेदी करारात कलम घाला: समीकरणांसकट मॉडेल, आणि ते कारखान्यातल्या चाचणीच्या नोंदींशी ताडून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

शिवाय गुपित नसलेलं एक नमुना-मॉडेल अभियांत्रिकी महाविद्यालयांना द्या. अमेरिकी नौदलाने २००२ पासून याच कामासाठी विद्यापीठांचा गट पोसला आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवन या तंत्रशाळेच्या वारसदार पोरांना हे झेपेल, याची मला खात्री आहे.

पुढच्या निविदेत ते कलम असेल की नाही, एवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता, बडोदा