मोडण्याआधी ‘वर्णना’चा रकाना भरा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोन्याचा भाव चढल्यामुळे झवेरी बाजारात जुने दागिने मोडायला येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, ही आपल्या दैनिकातली बातमी वाचली. सोबतच्या छायाचित्रात सराफाच्या काट्यावर एक बोरमाळ आणि दोन बुगड्या होत्या. बातमीत वजन होते, भाव होता, घट किती धरतात तेही होते. त्या बुगड्या कोणाच्या कानातल्या, हे मात्र कुठेच नव्हते. म्हणून हे पत्र.

मी एका सहकारी बँकेत सोनेतारण खात्यावर २६ वर्षे काम केले. सराफ दागिना कसोटीवर घासून पाही, वजन सांगे आणि मी रजिस्टरमध्ये उतरवून घेई. एकूण वजन, मग खडे-मोती-लाख वजा जाता निव्वळ वजन, कस, रक्कम. या सगळ्यांच्या आधी एक अरुंद रकाना असे, ‘वर्णन’. तिथे ‘माळ १ नग’, ‘पाटल्या २ नग’ एवढेच लिहायची पद्धत होती. मी जागा पुरेल तितके लिहीत असे. ‘ठुशी, तांबडा गोंडा, फाशाच्या (अडकवणीच्या) मागे सोनाराचा ठसा, डावीकडचा एक मणी चेपलेला.’ तारण सोडवायला आलेली बाई ते ऐकून ‘हो, हीच माझी’ म्हणे. बारीक अक्षरात लिहायचे कष्ट तेवढ्याने फिटत.

ही सवय मला आजीच्या चिंचपेटीने, गळ्यालगत बसणाऱ्या मोत्यांच्या दागिन्याने लावली. धाकट्या आत्याच्या लग्नासाठी १९७८ साली ती मोडली. वडिलांबरोबर मीही दुकानात गेले होते. सोनाराने मोती उकलून बाजूला काढले, सोने तेवढे काट्यावर ठेवले आणि मोती वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून परत दिले. ‘याचे काही यायचे नाही,’ म्हणाला. ती पुडी अजून माझ्याकडे आहे. आत ४१ मोती आहेत. मोती दातावर घासला तर खरा की नकली एवढे कळते, पण निसर्गात तयार झालेला की माणसाने शिंपल्यात वाढवलेला ते कळत नाही. त्याला क्ष-किरण तपासणी लागते. ती मी बऱ्याच वर्षांनी करून घेतली. सगळे मोती नैसर्गिक निघाले. आजी त्यांना ‘बसऱ्याचे’, म्हणजे इराकच्या बसरा बंदराच्या नावाने ओळखले जाणारे, म्हणत असे, ते आम्ही कधी मनावर घेतले नव्हते. पर्शियन आखातात पाणबुडे जिवावर उदार होऊन हे मोती काढत आणि त्यांची मोठी पेठ आपली मुंबईच होती. १९२०च्या दशकात जपानचे संवर्धित मोती जगाच्या बाजारात आले आणि पुढच्या काही वर्षांत तो धंदा बसला.

मोती राहिले, पण चिंचपेटी गेली. तिच्यात पाच पेट्या होत्या की सात, यावर आत्याचे आणि माझे आजही एकमत होत नाही. घरात तिचा एकही फोटो नाही.

पुढे कमवायला लागल्यावर मला जुन्या वस्तूंचा नाद लागला. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकाने शुक्रवारी बंद असतात, पण त्या दिवशी पहाटे आसपासच्या रस्त्यांवर जुम्मा बाजार भरतो. मी पिशवीत टॉर्च आणि भिंग घेऊन जायची आणि तिथूनच बँकेत. १९९६ साली एका गंजक्या बिस्किटाच्या डब्यात, पितळी बटणांच्या ढिगाखाली कफलिंकची एक जोडी मिळाली. काळवंडलेली चांदी, अंडाकृती तबकड्या, त्यांवर निळा मीना आणि दोन तबकड्यांना जोडणारी केसासारखी साखळी. १२० रुपये दिले. घरी भिंगाखाली धरली तर मागे तांदळाएवढ्या जागेत चार ठसे दिसले. चालणारा सिंह म्हणजे ९२५ कसाची चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. हे शहर समुद्रापासून दूर, तरी १७७३ पासून तिथल्या, सोन्याचांदीचा कस तपासून ठसा मारणाऱ्या कचेरीची खूण नांगरच आहे. तिसरा ठसा एका अक्षराचा. हे अक्षर दर वर्षी बदलते आणि चौकटीचा आकारही पाहावा लागतो. तक्त्याशी ताडून पाहिले तेव्हा १९१२ साल निघाले. चौथी कारागिराची आद्याक्षरे.

इतके सगळे त्या इवल्याशा चांदीने सांगितले. पुढच्या बाजूला कोणाची तरी दोन अक्षरे कोरलेली आहेत, त्यांचा मात्र पत्ता नाही. बंदरावरचा गोरा अधिकारी, ठाकूरद्वारचे कोणी पाठारे प्रभू वकील की पारशी सॉलिसिटर? विकणाऱ्याला विचारले. ‘एका बंगल्याचे सामान उचलले, त्यात आले,’ म्हणाला. कुठला बंगला ते त्याच्याही लक्षात नव्हते. बर्मिंगहॅमच्या कचेरीने आपला रकाना भरून ठेवला होता, मुंबईच्या घराने तो कोरा सोडला.

इंग्लिश चिनी मातीचेही तसेच. माझ्याकडे इंग्लंडमधल्या वूस्टर कारखान्याचा एक कप आहे, बशी कधीच फुटून गेली असावी. या कारखान्याने १८९२ पासून आपल्या छापाशेजारी दर वर्षी एक ठिपका वाढवत नेला. माझ्या कपावर १३ ठिपके आहेत, म्हणजे १९०४. उजेडात धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसते. ती बोन चायनाची एक खूण, त्या मातीत जवळजवळ निम्मा भाग गुरांच्या हाडांच्या राखेचा असतो. हे कळल्यावर आईने कप स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. तो बाहेरच्या फळीवर राहिला आणि रोज ती तो पुसत मात्र असे. जाता जाता, नव्याने घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तळाशी ‘इंग्लंड’ असा छाप सरसकट दिसू लागला तो १८९१ पासून, अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर वस्तू बहुधा विसाव्या शतकातली. दोनशे वर्षांपूर्वीची म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर आधी बशी उलटी करा.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची आहे ती निळ्या नक्षीची एक तडकलेली थाळी. बाजारात तिला किंमत नाही. आमच्या शेजारची चाळ पुनर्विकासात रिकामी होत होती, तेव्हा पितळेच्या घंगाळाबरोबर ती भंगारवाल्याच्या गोणीत चालली होती. मी थांबवली आणि त्या घरातल्या आजींपाशी खाली पायरीवर बसले. त्यांचे सासरे गोदीत कारकून होते. १९४७ साली मायदेशी निघालेल्या साहेबाच्या मडमेने ती त्यांना दिली. पुढे दिवाळीच्या साफसफाईत पडून दोन तुकडे झाले, तर वाडीत फिरणाऱ्या कारागिराकडून भोके पाडून तारेचे पाच टाके घालून घेतले. लाडू तिच्यातच ठेवायचे, हा सासऱ्यांचा हट्ट होता. मी हे सगळे तिथेच कार्डावर लिहून घेतले. त्यानंतर वर्षभरात आजी गेल्या.

मोड करूच नका असे मी म्हणत नाही. शिक्षण, आजारपण, घराचे हप्ते यांसाठीच लोक सोने मोडतात, मी २६ वर्षे ते जवळून पाहिले आहे. पण घाईचे एक कारण चुकीचे आहे. माझ्या शेजारणीला एका दुकानात सांगितले, की आता हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत ठसा, सक्तीचा झाला, तुमची जुनी मोहनमाळ कुचकामी आहे, मोडून टाका. १६ जून २०२१ पासून सुरू झालेली सक्ती सराफाने विकायच्या दागिन्यांसाठी आहे. घरातला बिनहॉलमार्कचा दागिना ठेवता येतो, सराफाला विकता येतो आणि मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून त्याचा कसही तपासून घेता येतो. शिवाय १९६३ साली सरकारच्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी घातली, तेव्हा कितीतरी सोनारांच्या हातचे काम गेले. त्याआधीची घडण म्हणजे त्यांच्या हातची शेवटची साक्ष आहे.

म्हणून मोडण्याच्या आदल्या संध्याकाळी एवढे करा. दागिन्याचा पुढून, मागून आणि फाशाचा जवळून फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, कोणी घडवला, कोणाच्या लग्नात, कोणी घातला, आणि ते सांगतील तसे त्यांच्याच शब्दांत लिहा. आणि संपादक महोदय, आपल्या रविवारच्या अंकात अशा एका वस्तूपुरती चार इंचांची जागा द्यावी, ही विनंती. सुरुवातीला माझ्याकडची कार्डे मी देते.

एक विनंती वाचकांनाही. १९६९च्या मे महिन्यात फणसवाडीत माझ्या काकांचे लग्न झाले. त्या दिवशी आजीने ती चिंचपेटी घातली होती. हिरवे नऊवारी, नथ आणि गळ्याशी घट्ट मोत्यांची पेटी. पंगतीत ती वाढत होती. त्या लग्नाचा फोटो कोणाच्या अल्बममध्ये असेल, तर त्यातल्या पेट्या मोजून मला कळवा.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, गिरगाव, मुंबई