खजूर पाण्यात भिजवू नका

महोदय,

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी डोंगराला घालतात त्या फेरीसाठी आपल्या पुरवणीत सुक्या मेव्याच्या ‘एनर्जी बॉल्स’ची कृती आली आहे. ना पाक, ना ओव्हन, उपवासालाही चालणारे. निवड चांगली आहे. पण त्यात ‘खजूर अर्धा तास गरम पाण्यात भिजवा’ असे लिहिले आहे, आणि नेमके तेच पावसाळ्यात करायचे नाही. खजूर टिकतो तो त्यातल्या साखरेने पाणी धरून ठेवल्यामुळे. वरून पाणी पाजले की ती साखर पातळ होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाडवाला आंबूस वास येतो, मग पांढरी बुरशी. श्रावणातल्या त्र्यंबकच्या हवेत याहून लवकरही.

खजूर कडक असेल तर त्यावर पाण्याऐवजी ऊब हा उपाय आहे. बिया काढून 250 ग्रॅम खजूर घ्या. प्रत्येक खजूर उघडून बघाच, आत अळी किंवा काळी भुकटी निघते. सुरीने बारीक चिरून जाड बुडाच्या कढईत एक चमचा तुपावर, अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटे परता. उलथन्याने दाबले की गोळा होतो. मऊ, ओलसर किमिया खजूर असेल तर एवढेही नको. मात्र त्याचे लाडू फ्रिजबाहेर ठेवू नका.

सोबत 100 ग्रॅम बेदाणे, 75 ग्रॅम बदाम, 50 ग्रॅम काजू, 50 ग्रॅम भोपळ्याच्या बिया, चार वेलदोडे. तीळ उपवासाला चालतात की नाही यावर घराघरांत वाद आहेत, म्हणून ते धरलेले नाहीत. बेदाणे आपल्याच निफाड-दिंडोरीकडचे मिळतात. या दिवसांत त्यांच्यावर पांढरे कण दिसले तर लगेच फेकू नका: बोटाला खरखरीत लागले तर ती सुटलेली साखर, कापसासारखे मऊ दिसले तर बुरशी. झगझगीत पिवळ्या-हिरव्या बेदाण्यांना बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. घरात कुणाला दमा असेल तर तपकिरी घ्यावेत. धुवायचे तर आदल्या दिवशी, आणि रात्रभर पंख्याखाली कापडावर पसरून.

बदाम मंद आचेवर सात-आठ मिनिटे, काजू चार मिनिटे, बिया तडतडेपर्यंत भाजा. सगळे वेगवेगळे भाजायचे, कारण एकत्र घातले तर काजू करपतात आणि बदाम कच्चे राहतात. मग ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. इथे घाई केली की मिक्सरमध्ये बदामाला तेल सुटते आणि लाडू हाताला तेलकट लागतो, वर कोरडाही होतो. मिक्सर सलग न चालवता थांबत-थांबत फिरवा. जाडसर रव्याइतके बारीक पुरे. बेदाणे नुसते घातले तर पात्याला चिकटून बसतात, म्हणून मूठभर बदामाच्या कुटासोबत फिरवा. अख्खे ठेवले तर लाडू वळताना तिथेच भेग पडते.

खजूर कोमट असतानाच सगळे मळा. मूठ दाबून सोडल्यावर गोळा फुटला तर आणखी दोन-तीन खजूर परतून घाला, दूध किंवा मध नव्हे. दुधाने लाडू एका दिवसात नासतो, मध हवेतला दमटपणा ओढतो. फार मऊ झाले तर दोन चमचे खारकेची पूड. वळताना हाताला पाणी न लावता तूप लावा. फोटोत छान दिसतो म्हणून वर खोबऱ्याचा कीस घोळवतात. पावसाळ्यात तो आधी ओलावतो, मग खवट होतो.

वीस ग्रॅमचा, म्हणजे लिंबाहून थोडा लहान, असे साधारण 26 लाडू होतात. प्रत्येकात सुमारे 80 कॅलरी. कृतीच्या मथळ्यातले ‘साखरविरहित’ मात्र दिशाभूल करणारे आहे. वरून साखर नाही, एवढाच त्याचा अर्थ. खजूर-बेदाण्यांची मिळून एका लाडवात जवळपास दोन चहाचे चमचे साखर जाते. मधुमेह असलेल्यांनी हे धरूनच खावे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सुका मेवा अगदी बारीक करावा, तुकडा घशात अडकतो.

डब्यात भरण्याआधी लाडू तासभर उघडे ठेवा. कोमट असताना झाकण लावले की आत पाणी धरते. या दिवसांत बाहेर चार-पाच दिवस, फ्रिजमध्ये तीन आठवडे. फेरीला नेताना एकेक लाडू बटर पेपरमध्ये गुंडाळा, आणि तो कागद ब्रह्मगिरीवर न टाकता परत आणा.

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक