सिकलसेलच्या औषधांची पारख पुण्यातही व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकसंशोधन संस्थेने सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी 'बिरसा १०१' ही जनुकीय उपचारपद्धती तयार केली आणि ती पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला, ही नोव्हेंबर २०२५ मधली बातमी वाचून मनापासून आनंद झाला. माझी नोकरी विदर्भात रक्त तपासण्यात गेली. एसएस पॅटर्नची, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेली मुले हातपाय धरून कळवळताना मी पाहिली आहेत. म्हणूनच एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते: उपचार लागू पडतो की नाही, हे रक्तातच मोजायची सोय.

आमच्याकडे सिकलिंग टेस्ट अशी व्हायची: काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचा ताजा द्राव, वर कव्हरस्लिप आणि हवा शिरू नये म्हणून कडा बंद. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशी टोकदार, विळ्यासारख्या झालेल्या दिसत. सिकलसेल आहे की नाही एवढे समजायला ते पुरे होते. पण औषध घातल्यावर विळे किती कमी झाले, हे मोजायचे तर सगळी भिस्त डोळ्यांवर. अर्धवट वाकलेली पेशी कुठल्या रकान्यात धरायची, यावर दोघांचे एकमत होत नसे.

चुंबकीय अनुस्पंदनाने (एनएमआर) हे काम जास्त नेमके होते. तत्त्व एमआरआयचेच, फक्त इथे माणसाऐवजी रक्ताची छोटी नळी चुंबकात जाते. ऑक्सिजन कमी झाला की सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जोडून ताठ धागे बनतात. त्या धाग्यांमुळे आसपासच्या पाण्याची हालचाल जखडते आणि पाण्यातल्या हायड्रोजनचा संदेश लवकर विझतो. औषधाने धागे अडवले, तर तो जास्त वेळ टिकतो. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनमधले लोहही चुंबकाला प्रतिसाद देते, त्यामुळे जोडीला निरोगी रक्ताची नळी तशीच तपासावी लागते. पण लोहाचा हा परिणाम लहान चुंबकात कमी असतो. म्हणजे टेबलावर मावणारे, द्रव हेलियम न लागणारे यंत्रही इथे उपयोगी आहे. या अभ्यासाची सुरुवात १९७०च्या दशकातच झाली होती.

सिकलसेलवरच्या व्हॉक्सेलोटर या औषधाचा इतिहास ताजा आहे. हिमोग्लोबिनचा आकडा वाढतो, या आधारावर २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली; सप्टेंबर २०२४ मध्ये वेदनेचे झटके आणि मृत्यू यांच्या आकडेवारीमुळे फायझरने ते जगभरातून मागे घेतले. चुंबकाने हे आधीच कळले असते, असे मी म्हणणार नाही. पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात, जंतुसंसर्ग होतो, ते नळीत दिसत नाही आणि रुग्णांवरच्या चाचण्यांना पर्याय नाही. पण नुसत्या हिमोग्लोबिनच्या आकड्यापेक्षा 'धागे बनतात का' हा प्रश्न आजाराच्या मुळाच्या जास्त जवळचा आहे. तो विचारून अनेक रसायनांची चाळणी आधीच लावता येईल, हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचे नेहमीचे औषध कोणाला किती लागू पडते याचा माग काढता येईल आणि जनुकीय उपचारानंतरचे रक्तही पडताळता येईल.

हे आपल्याकडे, आपल्या रुग्णांच्या रक्तावर व्हायला हवे. भारतात बहुतांश रुग्णांमध्ये आढळणाऱ्या सिकलसेल जनुकाच्या अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते आणि ते धागे बनू देत नाही. तरीही विदर्भात तीव्र त्रास असलेली मुले कमी नाहीत. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरचे आकडे उचलून आपले भागणार नाही.

पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), दोन्हीकडे एनएमआरची मोठी यंत्रे आणि जाणकार माणसे आहेत. त्यांनी सीरम आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयासोबत ही मोजणी उभी करावी. शिळ्या रक्तावर काम नीट होत नाही, म्हणून एकेक लहान यंत्र नंदुरबार आणि गडचिरोलीतही बसवावे. २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा, असे राष्ट्रीय मोहिमेचे उद्दिष्ट आहे. त्या निधीतला थोडा भाग इकडे वळवावा. आणि रक्त देणाऱ्या घरांना, भिली असो की गोंडी, त्यांच्या भाषेत समजावून संमती घ्यावी आणि निष्कर्षही त्यांना कळवावेत. आजवर त्यांनी नमुने पुष्कळ दिले. त्यांचे पुढे काय झाले, हे सांगायला त्यांच्या दारी फारसे कोणी गेलेले नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कोथरूड, पुणे