यांत्रिक हाताला स्पर्शही हवा

संपादक महोदय,

मेंदूच्या संकेतांवर चालणाऱ्या यांत्रिक हातांच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. त्यांचे मला मनापासून अप्रूप आहे, कारण माझा धाकटा भाऊ कोपराखाली कृत्रिम हात वापरतो. मात्र अशी प्रत्येक बातमी आली की ‘तू हे का बसवून घेत नाहीस?’ असे लोक त्याला विचारतात, म्हणून हे पत्र.

असे हात चालवण्यासाठी मेंदूत इलेक्ट्रोड, म्हणजे विद्युतसंकेत टिपणारी सूक्ष्म टोके, बसवण्याचे प्रयोग मुख्यतः मज्जारज्जूला इजा झाल्याने किंवा पक्षाघाताने हातपाय लुळे पडलेल्यांसाठी आहेत, कारण मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचण्याची त्यांची वाटच बंद झालेली असते. हात गमावलेल्या माणसाची ती वाट उरलेल्या भागापर्यंत शाबूत असते. तिथले स्नायू आकुंचन पावताना उमटणारे विद्युतसंकेत त्वचेवरूनच टिपता येतात, आणि भावाचा हात त्यांवरच चालतो. त्याने कवटी उघडण्याची जोखीम का घ्यावी?

त्याची खरी अडचण स्पर्शाची आहे. पेला उचलताना त्याची नजर बोटांवरून क्षणभरही ढळत नाही. पकड सैल आहे की घट्ट, हे त्याला डोळ्यांनीच कळते, आणि कुणी हाक मारून लक्ष वेधले की कागदी पेला चुरगळलाच म्हणून समजा. पक्षाघाताने हातपाय लुळे पडलेल्या कॅथी हचिन्सन यांनी केवळ विचारांच्या बळावर यांत्रिक हाताने कॉफीची बाटली तोंडाशी आणली, ते दृश्य २०१२ मध्ये जगभर गाजले. पण त्या हाताचा स्पर्श त्यांना कळत नव्हता. पुढे अमेरिकेतील पिट्सबर्गच्या संशोधकांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या नेथन कोपलंड यांच्या मेंदूत हालचालीच्या भागाबरोबर स्पर्श जाणणाऱ्या भागातही इलेक्ट्रोड बसवले आणि यांत्रिक बोटांवरचा दाब सूक्ष्म विद्युतस्पंदांनी तिथे पोहोचवला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वस्तू उचलून दुसरीकडे नेण्याचा त्यांचा वेळ सुमारे २१ सेकंदांवरून १० सेकंदांवर आला. यंत्र तेच, माणूस तोच. वाचला तो मुख्यतः पकड जमवताना चाचपडण्यात जाणारा वेळ. मला तरी या संशोधनातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

इलेक्ट्रोडभोवती मेंदूतील पेशींचे व्रणासारखे आवरण धरते आणि काळानुसार संकेत क्षीण होऊ शकतात, हेही वाचकांना समजायला हवे. म्हणून अशा बातम्या छापताना प्रयोग कोणत्या रुग्णांवर झाला, इलेक्ट्रोड किती काळ टिकले आणि स्पर्श कळत होता की नाही, एवढे आवर्जून द्यावे, ही विनंती. माझा भाऊ बातमीत आधी तेच शोधतो.

आपला विश्वासू,
एक वाचक