पोरांना आधी लेथवर उभं करा

प्रति,
मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

उभी नोकरी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा, म्हणजे लेथवर धातू कापून घडवायचं काम शिकवणारा, शिल्प निदेशक म्हणून केली. निवृत्त झालो तरी पोरं बायोडाटा दाखवायला घरी येतात. हल्ली ते सगळे एकाच छापाचे असतात. कॅफेवाला चॅटजीपीटीकडून लिहून घेतो आणि प्रिंट हातात देतो. त्यातल्या भारी इंग्रजी वाक्याचा अर्थ विचारला की पोरगं जमिनीकडे बघतं. पुढे कंपनीच्या पोर्टलवर तो कागद सॉफ्टवेअरच चाळतं. माणसाच्या नजरेला तो पडेल याची खात्री नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याला अर्ज भरल्यावर चहा संपायच्या आत नकाराचा मेल आला. आयटीआयनंतर तो एका शेडमध्ये जॉबवर्क करत होता. शेडमालक अनुभवाचं पत्र कुणालाच देत नाही, कारण पत्र दिलं की पीएफचा प्रश्न निघतो. त्यामुळे पोर्टलवर त्या काळात तो रिकामा बसलेला दिसला. हात मात्र त्याच काळात तयार झाला होता.

तो हात कसा ओळखायचा ते सांगतो. एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा आणि ड्रॉइंग द्या, बाजूला उभे राहा. टूलचं टोक बरोबर तुकड्याच्या मध्याच्या उंचीला लावतो का? चक आवळायची किल्ली काढूनच मशीन सुरू करतो का? हे पाच मिनिटांत दिसतं. मग कान द्या. जॉबला, म्हणजे त्या तुकड्याला, चॅटर (थरथर) आला की कच्चं पोरगं तसंच रेटत राहतं; तयार पोरगं थांबतं, जॉब किती बाहेर काढलाय ते बघतं, आरपीएम उतरवतं. शेवटी मायक्रोमीटर. रॅचेट फिरवून जे येईल ते माप सांगणारा एक, आणि थिंबल (फिरवायची नळी) आवळून हवं ते माप ‘आणणारा’ दुसरा. दुसऱ्याला मी कधी घेणार नाही, त्याचे मार्क कितीही असोत. बायोडाट्यात यातलं काय येतं?

मी यंत्राचा वैरी नाही. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, आली तेव्हाही गळे काढणारे होते. आज तीच पोरं सीएनसीवर पोट भरतात. हजारो अर्ज आले तर कंपनीला चाळणी लागणार, हेही मान्य. पण एआयची चाळणी बहुधा जुन्या भरतीवरूनच शिकते. ॲमेझॉनने बनवलेलं असं एक सॉफ्टवेअर बायकांचे अर्ज मागे टाकत होतं आणि कंपनीने ते गुंडाळलं, हे 2018 मध्ये जगजाहीर झालं. न्यूयॉर्क शहराने 2023 पासून अशा साधनांची दरवर्षी पक्षपात-तपासणी आणि उमेदवाराला आगाऊ सूचना सक्तीची केली. युरोपीय संघाच्या एआय कायद्यात नोकरभरतीची साधनं अतिजोखमीच्या यादीत आहेत. आपल्याकडे रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायची सक्ती 1959 च्या कायद्याने आणली. त्या जागांसाठी आलेला अर्ज कोण वाचतो, हे विचारायची सोय अजून नाही.

सगळ्या खासगी भरतीला उद्या नियम लावा, असं मी म्हणत नाही. सुरुवात सरकारी पैशापासून करा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली तेव्हा आयटीआयवाल्याला महिना 8,000 रुपये विद्यावेतन ठरलं आणि ते सरकार भरणार होतं. अशा योजनेत जी आस्थापना पोरं घेते, जी तुमच्या रोजगार मेळाव्यात टेबल लावते, तिला अट घाला: तांत्रिक पदासाठी यंत्राचा नकार अंतिम नाही, ट्रेड टेस्टची, म्हणजे मशीनवर काम करून दाखवायची, संधी द्यावीच लागेल. जागेचं कारण सांगू नका. आयटीआयची वर्कशॉप संध्याकाळी रिकामी असतील तिथे घ्या, मशीन आहेत, निदेशक आहेत. (त्यांची रिक्त पदं भरा, ते वेगळं पत्र होईल.) टेस्टचा शेरा सरकारच्या महास्वयम् रोजगार पोर्टलवर पोराच्या नावापुढे चढवा, म्हणजे शेडमधल्या अनुभवाला पहिल्यांदा सरकारी कागद मिळेल. आणि नकार देणाऱ्याने कारण मराठीत, एका ओळीत कळवावं.

पहिली टेस्ट पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही आयटीआयमध्ये ठेवा. परीक्षक म्हणून मी बिनमानधन येईन.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (टर्नर)